रकाना सहावा

शाळेतून मला पाच दिवसांची सुटका मिळाली,
म्हणजे हुकूम मिळाला:
तापीच्या उजव्या काठचे साठे मोजायचे.
तळी, डोह, डबकी, जे काही
नदी मागे विसरून गेली असेल ते.
हातात चौदा रकान्यांचा फॉर्म
आणि वाट दाखवायला हिलाल भोई.

हिलालची होडी विकून झालेली.
जाळं मात्र आहे,
अंगणातल्या पपईवर वाळत घातलेलं,
कित्येक वर्षांत न भिजलेलं.

चोपड्याच्या खालच्या अंगाला, केळीतून,
ठिबकच्या काळ्या नळ्या ओलांडत निघालो.
माघाचं ऊन. पानांना फाटल्याचा आवाज.
मग एकदम उघडं आभाळ आणि
चहाच्या रंगाचं पाणी.

मरळीचं तळं.
हिलालने चपला काढल्या.
मीही काढल्या, कारण न विचारता.
बुडक्या बाभळीवर एक पाणकावळा
पंख पसरून बसलेला,
कोणी तरी धुऊन टाकलेला कोट.
मी विचारलं, मालकी कोणाची?
"नदीनी," तो म्हणाला.
मी लिहिलं: शासकीय.

दुसरं नकाशात नाही.
रामबाणाच्या आड दडलेलं, जेमतेम
दोन बैलगाड्या वळतील एवढं.
हिलालची पाचवी पुजली त्या रात्री
नदी कूस बदलून पलीकडे गेली,
सकाळी हे इथे राहिलेलं होतं.
"मन्हा जोडीदार शे," म्हणाला,
आणि शेवाळ हाताने बाजूला सारून
त्याचं तोंड पाहून घेतलं.
फॉर्मवर: निनावी.

तिथेच भाकरी सोडली. कळण्याची,
आणि त्याच्याकडे सुकटीची चटणी.
एक टिटवी आमच्यावर सारखी ओरडत होती.
अंडी असणार जवळ. आम्ही हललो नाही,
ती गप्प झाली नाही.
"नदी येस, देस, भुली जास,"
हे त्याने मला सांगितलं की टिटवीला, कळलं नाही.

तिसरं सगळ्यांत मोठं,
नकाशात निळं, वालाच्या दाण्यासारखं.
पोचलो तर केळी.
मोटारीजवळचा पोरगा म्हणाला,
तळं? कोणतं तळं, बाई?
वर्ष झालं माती टाकून, दोनशे ट्रॅक्टर.

हिलाल काही बोलला नाही.
मान वर करून चालत राहिला,
मी मागे, पोरगा मागे.
मग थांबून त्याने शेंड्यांकडे बोट केलं:
इथून पुढची झाडं हातभर उंच.
अलीकडची बुटकी, पलीकडची उंच,
आणि ती उंची
वळत गेली, वळत गेली,
वालाच्या दाण्याला वळसा घालून
परत आमच्या पायाशी आली.
"हाऊ काठ," हिलाल म्हणाला.
एक पाऊल आत टाकलं.
"आठे कंबरइतलं पानी."
आणखी चार पावलं.
"आठे मी बुडना व्हतू. धाकला व्हतू तव्हय."

पोरग्याने पायाखाली पाहिलं
आणि हळूच मागे सरकला.

रकाना सहावा: खोली, मीटरमध्ये.
बांबू माझ्या हातात तसाच होता.
मी तो केळीला लावून धरला,
जिथे घड लोंबत होता तिथपर्यंत खूण केली
आणि वाढलेलं तेवढं लिहिलं,
पुढे कंसात: वरच्या दिशेने.

तालुक्याहून फॉर्म परत आला.
बाई, संगणक घेत नाही.
खोली भरा, नाहीतर शून्य टाका.
कारकून वाईट नव्हता. पेनही त्यानेच दिलं.

रविवारी पुन्हा गेले, फॉर्म न घेता,
शून्य टाकायचं की नाही ते विचारायला.
हिलाल घरी नव्हता.
सुनेने पाणी दिलं, म्हणाली, येतील,
अंधारातच जोडीदाराकडे गेले होते,
एकदा येऊन परत गेलेत.

अंगणात पपईखाली
मातीला गोल ओल आली होती.
जाळ्यातून एक एक थेंब पडत होता,
आणि त्यांची मांजर
थेंबाखाली मान घालून बसली होती,
हलायचं नाव न घेता.