पानामागे पाच सेडी

परीक्षा संपून चार महिने झाले,
कॉलेज जानेवारीत.
मधल्या दिवसांना आमच्याकडे नाव नाही.
टासी अफी म्हणते, 'रिकामीच आहेस तर पाणी घाल.'
म्हणून पहाटे विहिरीवर,
दोन्ही हातांत झाऱ्या, पायाखाली अजून गार वाळू,
वाफ्यांमधून मागे मागे चालत.
छोटे लाल कांदे, अंगठ्याएवढे,
एका बाजूला समुद्र, एका बाजूला खारं तळं,
मधल्या चिंचोळ्या पट्टीत
गोड्या पाण्याची जेवढी धुगधुगी, तेवढ्यावर तगलेले.
एका वाफ्याला एक वाक्य, असं मी ठरवलंय.
वाफा भिजेपर्यंत वाक्य बरं वाटतं.
पुढच्या वाफ्यावर गेलं की नाही.

नऊ वाजता आगबेकोंचा छापखाना.
छापखाना म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
आणि वीज गेली की दारातला बाक.
केट्यात लग्नाची पत्रिका लोक हात आखडून छापतात,
मेलेल्या माणसाची पुस्तिका मात्र गुळगुळीत, रंगीत, सोळा पानी.
वर फोटो, आत जीवनचरित्र.
ते चरित्र मी लिहिते.
पानामागे पाच सेडी.

आतापर्यंत एकोणतीस माणसं लिहिली.
सगळी कष्टाळू,
सगळी देवाला भिऊन वागलेली,
सगळ्यांनी दुसऱ्यांची मुलं पोटच्यासारखी वाढवलेली.
मला वाटायचं मी लेखिका होणार,
आणि मी गाळलेल्या जागा भरत होते.
एका ड्रायव्हरची तर एक बायको राहूनच गेली. तिसरी.
दफनाच्या आदल्या रात्री ती दारात आली,
ओरडली नाही,
फक्त म्हणाली, 'स्पेलिंग सांगू?'

मग ऑक्टोबरात एक म्हातारी आली
स्वतःची पुस्तिका स्वतः छापून घ्यायला.
नाव अबला.
(आमच्याकडे अबला म्हणजे मंगळवारी जन्मलेली.
दुसरं काही नाही.)
बाकावर बसली, चपला काढल्या,
म्हणाली, मुलगे लंडनहून येतील, तुला काहीबाही सांगतील.
मी आहे तोवर लिहून घे.

लिही, समुद्राने माझी तीन घरं खाल्ली.
दुसरं मला आवडायचं नाही,
ते गेलं तेव्हा मी हसले.
लिही, नवऱ्याला मी कधी भ्याले नाही,
त्याच्या आईला भ्यायची.
लिही, एका साली कांद्याला भाव नव्हता,
तेव्हा ओले कांदे सुके म्हणून विकले,
शेजारणीच्या नावावर.
ती गेली. सांगायचं राहिलं.

'देवाला भिऊन वागल्या, असं घालू?'
मी सवयीने विचारलं.
'रविवारी जायचे. तेवढंच घाल.
आत काय चालायचं, तुला काय माहीत?'

त्या रात्री फोनच्या उजेडात
टासीच्या उधारीच्या वहीची मागची पानं काढली,
जिथे माझी कथा आहे, जूनपासून,
तिच्यातल्या बाईने आजवर एकही खोटं वजन केलेलं नाही.
पाच पानं फाडली.
सहावं फाडताना पलीकडची उधारी निघून आली,
कोफीची, साखर आणि दोन टिन दूध.
सकाळी बोलणी खाल्ली.

ट्रंक आली आहे. बादली, कुलूप, दोन चादरी.
टासी शेजारणींना सांगते, आमची यायरा पुस्तकं लिहिणार,
आणि मला सांगते, आधी झाऱ्या धू.

अबलाबाई दर मंगळवारी येते, एक ओळ बदलते.
नवे पैसे देत नाही.
शेवटच्या तारखेची जागा मी मोकळी सोडली आहे,
तिथे ती बोट ठेवते आणि पुढे सरकते.
आज म्हणाली, त्या दुसऱ्या घराला निळी खिडकी होती.
हसले ते काढ.
थोड्या वेळाने, नको, राहू दे.
मी खिडकी घातली, हसणंही ठेवलं.
मग वीज गेली.
आम्ही दोघी बाकावर,
तोंडावर खारा वारा,
ती पुढचं वाक्य शोधत होती.
मला एक सुचलं होतं.
बोलले नाही.