हवा किती टाकली

डोमाजी बारापात्रे, वय सदुसष्ट, बेड नंबर चार.
छातीच्या मधोमध टाके,
ओठाच्या कोपऱ्यात बावीस सेंटिमीटरवर चिकटपट्टीने धरलेली नळी.
माग बंद पडल्यावर गोळीबार चौकात सायकलींचे पंक्चर काढायचे,
हे मला अंजिराबाईंनी सांगितलं,
भेटीच्या वेळी, दारातल्या ढिगात
आपली दुसरी चप्पल शोधताना.

बाहेर शेहेचाळीस. मेडिकलच्या आवारात
नातेवाईक झाडाची सावली सरकेल तशा चटया सरकवतात.
आत एसी, आणि तीन स्वेटर घातलेल्या आम्ही सिस्टर.

परवा पहिल्यांदा दाब उतरवला.
दहावरून आठ. आठवरून पाच.
अकराव्या मिनिटाला खांदे वर चढायला लागले,
गळ्याचा खड्डा आत ओढला जाऊ लागला,
श्वास चाळीस, बेचाळीस, आणि प्रत्येक एवढासा,
चिमणीने चोचीत घ्यावा तेवढा.
गेडाम सर म्हणाले, राहू दे आज.
मी बटण फिरवलं. यंत्र पुन्हा त्यांच्या वाटचं ओढू लागलं.
ते भिंतीकडे बघत राहिले,
उधारी राहिलेल्या माणसासारखे.

वीनिंग म्हणतात याला.
पहिल्या वर्षी ट्यूटर मॅडमनी मराठीत सांगितलं होतं:
अंगावरचं तोडणं.
पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या.
मला आठवला धाकटा भाऊ, दीड वर्षाचा,
आणि आईने पाट्यावर वाटलेला कडूनिंब.
तो ओट्यावर आत्याच्या कुशीत रात्रभर रडला,
आई आत, भिंतीकडे तोंड करून, ब्लाऊज ओला.
कोण कोणापासून तुटत होतं?
चार्टवर त्याचा रकाना नाही.

काल रात्री दोनला त्यांनी बोट उचललं.
साबणाने, स्पिरिटने, ऑपरेशनच्या पिवळ्या औषधानेही
नखातला काळा गेलेला नव्हता.
बोट खाली, ड्रेनच्या बाटलीकडे.
पाण्यात एक बुडबुडा. थांबून, दुसरा.
चाळीस वर्षं घमेल्यात ट्यूब बुडवून
याच एका गोष्टीची वाट पाहिलेला माणूस.
मी म्हटलं, हो काका, आहे बारीक.
बसेल आपोआप, सोल्यूशन लागत नाही.
डोळ्यांच्या कडा हलल्या.
हसले असतील. नळी असताना
हसणं आणि गुदमरणं पुष्कळदा सारखंच दिसतं,
म्हणून मी मॉनिटर पाहिला. हसलेच होते.

पहाटे पाच चाळीस. पुन्हा पाच.
दहावं मिनिट. अकरावं.
मी उगाच उशीची घडी सारखी केली.
बारावं.
तिसाव्या मिनिटाला श्वास चोवीस, कपाळ कोरडं.
मग सिरिंजने नळीच्या टोकाचा छोटा फुगा रिकामा केला
आणि गेडाम सर कान लावून थांबले.
सूंऽऽ.
बाजूने हवा गळत होती.
तुमच्या धंद्यात ग्राहकाचं तोंड पडायचं, काका,
आम्ही या आवाजासाठी रात्र काढतो.

खोका, म्हटलं. जोरात. अजून.
आणि ओढली.

आधी नुसती घरघर. मग थुंकी. मग मास्कवर वाफ,
पुसट, परत वाफ.
मग जुन्या बिजागरीतून यावा तसा आवाज:
"पोरी... हवा किती टाकली?"
"काहीच नाही टाकली. तुमचीच आहे."
त्यांना पटलं नाही. मान हलवली,
दुसऱ्याने भरलेलं चाक अंगठ्याने दाबून बघावं
तसा स्वतःच्या छातीवर हात ठेवला.
टाके दुखले. हात काढला.

अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही,
हे मी दारात अंजिराबाईंना सांगितलं.
त्यांनी पदराने तोंड पुसलं, आत डोकावल्या,
आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:
"मंग ते मशीन आता कोणाले देऊन राह्यले?"

खालून कॅज्युअल्टीचे दोन फोन येऊन गेले होते.
मी नळ्या बदलत होते.