नऊ अंश

वजन आठशे चाळीस ग्रॅम.
शेजारच्या सिरसाटांच्या मिरचीच्या काट्यावर
मापून घेतलं. ते म्हणाले, तांबं की काय?
मग एवढ्याशा पंख्याला एवढं कशाला?
परत येईपर्यंत माझ्या बोटांना तिखट लागलं होतं.

म्हापशातला मे. दुपारचे तीन.
खोलीचा पारा बत्तीस, तोही लिहून ठेवला,
कारण हवाच तापलेली असेल
तर हवेने काय थंड करायचं,
आणि किती, हा हिशेब तिथून सुरू होतो.

कुश्तोद शिवोलीहून आला होता.
लग्नांच्या फिती कापतो. म्हणाला,
व्होंकल देवळाच्या तिसऱ्या पायरीवर आली
की मशीन मरतं. दर वेळी तिसऱ्याच.
हसले मी. मग जुन्या अ‍ॅल्युमिनियमला
अर्धा तास पूर्ण भार दिला:
अठ्ठ्याऐंशी. आणि आवाज
वाटण वाटणाऱ्या मिक्सरचा.

खोललं सगळं. कडक झालेली पेस्ट
स्पिरिटने पुसली. (फेणी चालेल? त्याने विचारलं.
नाही चालणार.)
नवी लावली, तुरीच्या डाळीएवढी,
आणि तांबं वर बसवलं.
चार स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे,
बाजेची दोरी आवळावी तसे.

पुन्हा भार. पुन्हा अर्धा तास.
तेवढ्यात तो सांगत बसला,
बापायची काजूची भाटी होती, डोंगराच्या पायथ्याशी.
भाण तांब्याचं. विकत घेताना
बापूय काहीच विचारायचा नाही,
बोटाचा सांधा मारायचा फक्त
आणि कान तिरका करायचा.
दिवसभर खाली जाळ, आणि पलीकडे
वाफ उतरते त्या मडक्यावर
पाण्याचे दवले ओतायला मी.
तांबं थंड कुठे करतं, बाय?
ते नुसतं अडवत नाही.
थंड करणारा मी होतो. सात वर्षांचा.

एकोणऐंशी.
खोलीच्या वर आधी छप्पन होतं, आता सत्तेचाळीस.
पंखा ऐकू येतो, पण बोलता येतं त्याच्यावरून.
तिसरी पायरी गेली. चौथी गेली.
व्होंकल आत शिरली आणि कुणीतरी
तिच्या झग्याचं शेपूट उचललं.

आता दोष.
वजनाने बोर्ड मधोमध वाकतो,
पट्टी लावून पाहिलं, केसभर फट दिसते.
तेव्हा खोका आडवा निजवायचा.
किंमत चार हजार सहाशे, जरा जास्तच.
आणि शिवोलीची खारी हवा: दोन पावसाळ्यांत
पात्यांच्या कडा हिरव्या पडतील.
तो म्हणाला, आवय भाणाला बिंबलं चोळायची.
म्हटलं, चोळ, पण आधी काढून घे,
आणि कडक उन्हात वाळव, घाई नको.

पैसे मोजून झाल्यावर
मशीन बंद करून, निवल्यावर,
त्याने वाकून सांधा मारला. एकदाच.
बारीक आवाज निघाला, काही क्षण टिकला.
कान तिरका. मान हलली.

तो गेल्यावर जुना अ‍ॅल्युमिनियम मीही वाजवून पाहिला.
बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखा.
वहीत रकाने आखलेले असतात:
अंश, ग्रॅम, फेरे, रुपये.
शेवटी एक नवा आखला,
तांब्याच्या ओळीत लिहिलं, वाजतो.
एकक माहीत नाही.