वारं प्यालेली

गाडी तापली की आपोआप चढायला लागते.
मूठ सोडली तरी उतरत नाही,
चौकात उभी राहून एकटीच ओरडते
आणि माणसं माझ्याकडे बघतात,
जसा काही मीच ओरडतोय.

एकोणनव्वदची सीडी हंड्रेड.
मागे नायट्रोजनचा कॅन बांधलेला,
त्याच्या धुरकट गारठ्यात
अजून न जन्मलेली शंभर वासरं.
गाय माजावर आली की वाट पाहत नाही.
फोन येतो, "डॉक्टर, निघा."
मी डॉक्टर नाही. पण ते कोणाकोणाला सांगू?

तीन महिन्यांत
वणीच्या एकाने जेट बदलला,
दुसऱ्याने स्क्रू एवढा उतरवला
की सकाळी थंड गाडी सुरूच राहीना,
तिसरा म्हणाला, विका.
मी दर रविवारी
कार्बोरेटरचे दोन नट आणखी आवळले.
मला तेवढंच येत होतं.

मुकुटबनला, खाणीच्या रस्त्यावर
सोनबा कुळसंगेचं गॅरेज:
पळसाखाली एक बाज, एक पत्र्याची पेटी.
त्याने पाना उचललाच नाही.
प्लग मला काढायला लावला.
पांढरा. खडूसारखा कोरडा.
"उपाशी हाय," तो म्हणाला.
प्लग परत बसवून, गाडी सुरू करून
त्याने चोक अर्धा ओढला
आणि गाडी एकदम शहाणी झाली,
इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग होतो तशी.
"पाह्यलं? पेट्रोल कमी नाई.
वारं घुसून रायलं कुठून तरी."

वारं प्यालेलं वासरू मी खूप पाहिलंय.
दावं तोडून, शेपटी उभी,
कुठं जायचं ते त्यालाच ठाऊक नाही.
ते वारं पितं कुठून,
हे मात्र मी कधी शोधलं नव्हतं.

"सिरिंज हाय ना तुमच्यापाशी?"
होती. वीसची. सुई काढून दिली.
त्याने साबणाचं पाणी भरलं,
कोळशाचा ट्रक जाईपर्यंत थांबला,
मग थेंब थेंब
फिल्टरच्या नळीवर. काही नाही.
टोपणाच्या कडेला. काही नाही.
पाण्याकडे तो पाहतही नव्हता.
डोळे मिटलेले, मान जरा डावीकडे,
गाभण गाईच्या कुशीवर हात ठेवून
मी उभा राहतो, तसा.
कार्बोरेटर इंजिनाला जिथं भेटतो,
त्या काळ्या बेकलाइटच्या खालच्या अंगाला
थेंब पडला
आणि गाडीला ठसका लागला.
पुन्हा थेंब.
पुन्हा ठसका.

ओ-रिंग निघाली ती नखाने तुटली.
पण तेवढंच नव्हतं.
कार्बोरेटरचं तोंड त्याने काचेवर पालथं ठेवलं
आणि मला वाकायला सांगितलं.
मधून उजेड येत होता,
केसाएवढा.

"काऊन बाप्पा इतकं आवळलं?
नट आवळला का कान वाकते,
कान वाकला का फट पडते,
फट पडली का हा पुन्हा आवळते.
कोन हाय हा?"

मी रस्त्याकडे पाहिलं. ट्रक नव्हता एकही.
"वणीचा एक," म्हणालो.

मग काचेवर पॉलिश पेपर,
त्यावर तो ते तोंड फिरवत राहिला,
मराठी चारचा आकडा गिरवावा तसं,
पाऊण तास, बोटं राखाडी होईस्तोवर.
नट मात्र मला लावायला दिले.
"दोन बोटानं. एकडाव हा, एकडाव तो. बस."
बस म्हटल्यावरही
माझं मनगट अजून थोडं मागत होतं.
त्याने पाना हातातून काढून घेतला.

ऐंशी मजुरीचे, दहा ओ-रिंगचे.
सिरिंज त्याने ठेवून घेतली.

अडेगावला वच्छलाबाई गेडामांच्या दारात
मूठ सोडली.
आवाज खाली आला, आणखी खाली,
आणि तिथं टिकला.
गाईने फक्त कान हलवला.
वच्छलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या,
"बंद पडली का जी गाडी?"
नाही, म्हटलं,
चालू आहे.