कोरडं बंदर

श्रावस्तीच्या वहीत प्रश्न आहे :
समुद्रकिनाऱ्यावरील एका शहराची थोडक्यात माहिती लिहा.
स्थान. हवामान. व्यवसाय. इतिहास. गुण आठ.
तिनं समुद्र पाहिलेला नाही.
मी पाहिलाय, एकदा, खात्याच्या परीक्षेला गेलो तेव्हा,
तोही ओहोटीला, म्हणजे चिखलच.

लिही म्हटलं, आपल्याच शहराचं.

स्थान : अजनीच्या पुलापलीकडे, रुळांना लागून.
लाटा येत नाहीत, मालगाड्या येतात.
भरतीची वेळ साडेअकरा, कधी दोन, कधी दुसऱ्या दिवशी.
कस्टमचं ऑफिस आहे, गळकं,
आणि सरकारी कागदावर नाव आहे, कोरडं बंदर.
ती हसली. असं कुठं असतं का बाबा?
ओला दुष्काळ असतो ना, म्हटलं. तसंच.

हवामान : मे महिन्यात पंचेचाळीस.
कंटेनरला हात लागला तर कातडी चिकटते.
त्यांच्या अंगावरून गंजाचे पापुद्रे गळतात,
तो गंज आपल्या हवेचा नाही,
जिभेवर ठेवला तर खारट लागतो.
ठेवलाय मी. आईला सांगू नको.

व्यवसाय : मोजणे.
किती आले, किती गेले, कुणाचं सील तुटलं.
भंडाऱ्याचा तांदूळ, बुटीबोरीचं सूत.
क्रेनवरून देवाजी बांते ओरडतात,
"जहाज लागलं ना बे! मोज लवकर, मले जेवाले जाचं हाय."
तीस वर्षांत कुणी त्यांचा शब्द
दुरुस्त केलेला नाही.

इतिहास : तुझी पणजी एम्प्रेस मिलमध्ये रीलिंगला होती.
तिच्या बोटांतून गेलेलं सूत
कुठल्या धक्क्यावर उतरलं, कुणी अंगावर घातलं,
तिला कळलं नाही.
पगाराच्या चिठ्ठीवर समुद्राचा रकाना नव्हता.

मग आठवलं.
एक रिकामा कंटेनर झाडताना
कोपऱ्यात मूठभर वाळू निघाली होती
आणि एक खेकडा, वाळून कागद झालेला,
एक नांगी उघडी, काहीतरी मोजायचं राहिल्यासारखी.
आयात म्हणावं तर बिल नाही, चोरी म्हणावी तर मालक नाही.
डब्यात घालून घरी आणला.
अजून आहे, टीव्हीमागे, बल्बच्या खोक्यात.

श्रावस्तीनं तो पानावर ठेवला,
पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली,
खाली लिहिलं : आकृती. शहराचे मूळ रहिवासी.

आठांपैकी दोन मिळाले.
लाल शाईत शेरा : नागपूर समुद्रापासून फार दूर आहे.
बाईंचं बरोबर आहे, ती म्हणाली,
पण दूर आहे म्हणजे आहेच ना.

त्या रात्री वीज गेली.
कूलर थांबला, खसचं पाणी ठिबकून संपलं,
आणि अजनीकडून ऐकू आलं,
काहीतरी जड, हळूहळू,
लागत होतं.