कांडी संपली की

सिनेमा सुटला तेव्हा सव्वाबारा.
खानापूर रोडचं थेटर रिकामं होताना कुणी बोललं नाही.
वडगावच्या वळणावर सद्याप्पाचा गाडा अजून पेटलेला,
तिथं चहा हातात आला आणि सगळेच एकदम सुटले.

"मी मानत नाही," शट्टूप्पा म्हणाला.
"खुनी आमच्यातला. मागावर जन्म गेलेला.
आणि बोलतो कसा? 'तू इथून निघून जा.'
असं कोण बोलतंय ओ आमच्या गल्लीत?
मी तिथंच निकाल दिलो: ह्यो खुनी नव्हे.
ह्यो पुण्याचा पाहुणा."

शट्टूप्पानं कादंबरी मराठीत वाचलेली, माझ्याच वाचनालयातून.
एकवीस दिवस उशिरा परत आणली,
पान एकशेसाठवर चहाचं वर्तुळ. दंड अजून बाकी.
निंगव्वानं मूळ कन्नडात वाचलेली, दोनदा.

"मरताना ती पोरगी 'आई' म्हणते, तेवढं तरी ठेवायचं," शट्टूप्पा.
"कुठं म्हणते?"
"म्हणते की. पुस्तकात आहे."
"तुझ्या पुस्तकात असेल," निंगव्वा बशी पुसत म्हणाली.
"कन्नडात ती काहीच बोलत नाही.
भाषांतरवाल्याला बघवलं नसेल."

यावर शट्टूप्पा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पोस्टर मात्र भारी होतं.

ओमाणानं यातलं काहीच वाचलेलं नाही.
चाळीस वर्षं माग, एका कानानं कमी.
"मला एकच सांगा," तो म्हणाला. "पोरगी मागाजवळ पडली. बरोबर?
मग रात्रभर तो माग चालूलालाय कसा?
एक कांडी किती पुरते? चार मिनिटं. फार तर पाच.
बदलायला हात नको?
कांडी संपली की माग उभा राहतोय.
एवढा कोट्यानं पैसा घातलात,
एखाद्या विणकराला विचारायचं होतं."

सगळे हसले. सद्याप्पासुद्धा, गाळणी झटकत.

मला हसता आलं नाही.
कारण पुस्तकात माग थांबतो.
पान दोनशे चौदा. दोन्ही भाषांत.
माग थांबतो आणि त्यानं गल्ली जागी होते,
जी आवाजात जन्मली, आवाजात झोपते,
तिला जाग येते ती आवाज बंद पडल्यावर.
पाळण्यातलं पोर रडतं. कुणीतरी कूस बदलतं.
चौतीस घरं अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहतात.
कडी कुणी काढत नाही.

सिनेमात एकच साक्षीदार. खिडकीत उभा.
शेवटी त्याला नदीकाठी रडवलाय,
म्हणजे आपण रुमाल खिशात घालून घरी जायला मोकळे.

मी हे सांगितलं. जरा जास्तच सांगितलं बहुतेक.
"अक्का, तुमचं खरं," निंगव्वा म्हणाली,
"पण चौतीस घरं दाखवली असती
तर तिकीट काढून कोण आलं असतं?
मी तर आले नसते."

पैसे शट्टूप्पानं दिले. दंडात धरा म्हणाला.

मग चौघं चालत निघालो. बाजूची घरं
खडखडत होती, नेहमीसारखी, आणि वाद इंटरव्हलपर्यंत मागं गेला होता,
इन्स्पेक्टरची मिशी खरी की चिकटवलेली,

तेवढ्यात डावीकडचा एक माग थांबला.

बाकीचे चालूच होते. तरी आम्हाला ऐकू आलं.
ओमाणालासुद्धा. त्यानं मान वळवली तेव्हा
माझ्या पायातली चप्पल हलेना.
चार मिनिटं होत नसतील. एकही झालं नसेल.
शट्टूप्पा म्हणाला, "कांडी असेल."
"असेल," निंगव्वा म्हणाली.
कुणी पाऊल उचललं नाही.

कडी वाजवली ती ओमाणानं.

दार उघडलं एका पोरानं, बनियनवर, केसांत कापसाची भुरी,
हातात भरलेली कांडी.
"बदलूलालोय ओ. का? काय झालं?"

काय झालं ते आमच्यापैकी कुणाला सांगता येईना.
"काय नाही," ओमाणा म्हणाला. "पाणी मिळेल काय?"

तांब्या आला. तहान कुणालाच नव्हती.
आळीपाळीनं चौघांनी प्यालं,
आणि आत माग पुन्हा सुरू होईपर्यंत
तांब्या परत दिला नाही.