कात्रीचा कोपरा

गुणवंता किराण्यात कात्रीनं पत्ता कापतो,
दोन रुपयाला एक गोळी.
कापताना नाव अर्धं होतं,
तारीख जाते दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडं.

पंचफुला वरुडच्या मंडीत उकिडवी बसून
संत्री निवडते :
मोठं, बारकं, डागी.
हात चुकत नाही तिचा.

डॉक्टरीण विचारते, बीपीच्या गोळीशिवाय
आणखी काही घेता?
'नाई जी. काईच नाई.'
खोटं नव्हतं ते.
गुडघ्याची गोळी तिच्या लेखी औषध नव्हतीच कधी;
चहासंगं टोस, तशी.

मी आशा, मागं उभी.
तिच्या पायाच्या सुजेत
माझ्या बोटाचा खड्डा अजून तसाच.
म्हटलं, मावशी, पदराची गाठ सोड.

तंबाखूची पुडी, मंडीचं टोकन,
आणि चमकीचे चार कोपरे.
एकावर 'डायक्लो' एवढंच,
एकावर नुसतं 'प्रोफेन'.
डॉक्टरीण टेबलावर तुकडे जुळवत बसली,
फुटकी बांगडी जुळवावी तशी.
'दोन्ही एकाच कामाच्या, बाई.
बीपीची गोळी पुढं ढकलते,
ह्या दोघी मागं ओढतात.
मधात किडनी.'

पंचफुला बघत राहिली.
मग एक कोपरा बोटानं बाजूला सारत म्हणाली,
'म्हंजे थे बी निवडा लागते का वो?'